प्रक्षिप्त ठरलेल्या अडीच ओळी

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या मराठी मंडळात कुणाच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, कुणाचा मुलगा नोकरी सोडून ड्रम वाजवतोय, कुणाची सून सासू आली की नेमकी ऑफिसच्या ट्रिपवर जाते, हे सगळं सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त शैलजा खांबेटे नोकरीत नक्की करते काय, हे वीस वर्षांत कुणाला उमगलं नव्हतं. विचारलं नव्हतं असं नाही. एकदा गणपतीत, मसालेभाताच्या रांगेत, वीणा बेहेऱ्यांनी तिला गाठलंच.

"अगं, पण तू त्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत करतेस तरी काय?"

शैलजाने खरं ते सांगितलं. "आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी चर्चच्या कायद्यावर भाष्य लिहिलं. कुणी लिहिलं ते माहीत नाही. युरोपात त्या भाष्याच्या, लेखनिकांनी हाताने नकललेल्या सहा प्रती उरल्यात. त्या एकमेकींशी ताडून बघते."

"चर्चच्या?"

"हो."

"रोज?"

"शनिवार-रविवार सोडून."

मठ्ठा पानावर येईपर्यंत हॉलभर झालं होतं की खांबेट्यांची शैलजा बाटली. नवरात्रात तिला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. संक्रांतीला मात्र आलं, कारण तिच्यासारख्या गुळाच्या पोळ्या आख्ख्या मॉरिस काउंटीत कुणाला जमत नाहीत, आणि गुळाच्या पोळीपुढे धर्म म्हणजे काय, एक बारीकसा तपशील.

शैलजा मूळची सांगलीची. संस्कृत घेऊन एम.ए. झाली, पुण्याला एका संशोधन संस्थेत दोन वर्षं जुन्या पोथ्यांतले पाठभेद टिपून घ्यायचं काम केलं, आणि मग कुमारशी लग्न होऊन १९९१ साली इकडे आली. तिच्या व्हिसावर नोकरी करायला मनाई होती. काही वर्षांनी सकाळी नऊ ते साडेअकरा मुलगी, म्हणजे वल्लरी, प्रीस्कूलला जायला लागली, आणि त्या वेळात जवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोनच वर्ग चालायचे, एक केक सजवायचा आणि एक लॅटिनचा. केकचा भरलेला होता. माणसाचं आयुष्य असं ठरतं, आणि नंतर मुलाखतीत लोक पॅशन वगैरे सांगतात. शैलजाने कधी सांगितली नाही. लॅटिन तिला जमलं, कारण विभक्त्या पाठ करायची लहानपणापासून सवय होती. पुढे ग्रीन कार्ड आल्यावर लायब्ररीत लागली, आणि तिथे प्रोफेसर ऑल्डननी तिला हेरलं.

ऑल्डन हा उंच, वाकलेला, कोपरावर चामड्याची ठिगळं लावलेला माणूस. त्याने या निनावी भाष्याची चिकित्सक आवृत्ती काढायचं मनात घेतलं होतं. सहाही प्रती अक्षर न् अक्षर उतरवायच्या, कुठे काय वेगळं आहे ते पाहायचं, आणि त्यावरून मूळ लेखकाने काय लिहिलं असेल ते ठरवायचं. पाच वर्षांत होईल म्हणाला होता. त्याला आता वीस वर्षं झाली. मधल्या काळात ऑल्डन निवृत्त झाला, त्याची बायको रूथ गेली, त्याच्या नजरेचा मधला भाग गेला, इतका की समोरच्याचे फक्त कान दिसायचे. शैलजाच्या मानेचे मणके गेले. वल्लरी शिकून बेलव्ह्यूला नोकरीला गेली. भाष्य तेवढं जागच्या जागी होतं.

त्या सहा प्रतींबरोबर वीस वर्षं एकाच घरात राहिल्यासारखी राहिलेली बाई ती. तिने त्या पोथ्यांना नावं पाडली होती. फ्रान्समधली मोठ्या झोकदार अक्षरांतली, सोन्याच्या नक्षीची आणि पानापानाला चुकणारी, ती सासूबाई. इंग्लंडमधली सगळ्यांत जुनी ती आजेसासूबाई. ऑस्ट्रियातल्या मठातली, मुंगीएवढ्या अक्षरांची, अर्धे शब्द गिळणारी, वयाने आजेसासूबाईंच्या खालोखाल, ती नणंदबाई. उरलेल्या तिघी इटलीतल्या, एकीसारखी दुसरी, त्या मावश्या. घरी फोनवर ती सहज म्हणायची, "आज सासूबाईंनी छळलं," आणि शेजारी बसलेला कुमार हळूच सांगायचा, "माझी आई नव्हे हो. ती बिचारी सांगलीला असते."

आणि निनावी भाष्यकार? त्याला तिने नाव ठेवलं नाही. माणूस रटाळ होता. अमुक कलमाचा अर्थ अमुक, तमुक आचार्यांचं मत तमुक, मागे सांगितलेलं पाहा, पुढे सांगेन ते पाहा. एकशे चाळीस पानांत स्वतःबद्दल एक अक्षर नाही. फक्त एका ठिकाणी, दूरच्या नात्यात अजाणता झालेल्या लग्नांचं प्रकरण चाललंय, सातव्या पिढीपर्यंत नातं मोजावं की चौथ्या, अशी आपल्याकडच्या सगोत्राला लाजवेल अशी काथ्याकूट, तिथे अचानक अडीच ओळी येतात. तो म्हणतो, अशी दोघं मी स्वतः पाहिली आहेत. त्यांची मुलं मोठी झाली, घर शांत आहे. आता वंशावळ उकरू नये.

मी स्वतः पाहिली आहेत. बस. पुढच्या शब्दाला गडी परत कलमांत.

शैलजाला या अडीच ओळी फार आवडायच्या. पण ऑल्डननी त्या प्रक्षिप्त ठरवल्या, म्हणजे मागाहून कुणीतरी घुसडलेल्या. कारण सासूबाई आणि मावश्यांमध्ये त्या होत्या, पण सगळ्यांत जुन्या दोघींत, आजेसासूबाई आणि नणंदबाईंत, नव्हत्या. त्यावर त्याने लेख लिहिला, तो गाजला, म्हणजे नऊ जणांनी वाचला. आवृत्तीच्या चाळीस पानी प्रस्तावनेचा सगळा डोलारा त्यावरच उभा होता. ओळी मजकुरातून निघाल्या आणि तळटीपेत, बारीक टायपात जाऊन बसल्या.

शैलजा तेव्हा एकदा म्हणाली होती, "मला हा आवाज त्याचाच वाटतो."

"वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत," ऑल्डन म्हणाला होता. "दोन्ही जुन्या प्रतींत नाहीत. आणि त्या दोन्ही तूच वाचल्यास ना?"

तिनेच वाचल्या होत्या. 

तर आता पुस्तक एकदाचं छपाईला निघालं होतं. शुक्रवारी फाइल प्रेसला जायची. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर, ऑल्डनच्या नावाखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, शैलजा खांबेटे. आधी ते आभारात होतं, फोटोकॉपी करणाऱ्या बाईच्या वर. ऑल्डननीच भांडून तिथून उचललं. जूनअखेर ती निवृत्त होणार होती आणि जुलैत दोघं तीन महिन्यांसाठी कोथरूडला जाणार होती. कुमारने तिकिटं काढली होती आणि दूधवाल्यालासुद्धा कळवलं होतं.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास ऑस्ट्रियाहून ईमेल आली. पुस्तकात एक रंगीत चित्र द्यायचं होतं, म्हणून नणंदबाईंच्या एका पानाचा नवा फोटो मागवला होता. कुठलं पान, तर लग्नप्रकरणाचं, जिथे त्या ओळी नाहीत तेच. लोकांनी नसणं डोळ्यांनी बघावं, अशी ऑल्डनची हौस. शैलजाने फोटो उघडला. चहाचा कप डाव्या हाताला, मानेला पट्टा, खाली द्यायच्या दोन ओळींच्या मजकुरासाठी ती नुसतं वाचत गेली.

अशी दोघं मी स्वतः पाहिली आहेत.

तिने चष्मा पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता. ओळी होत्या. मुंगीएवढ्या, गिळलेल्या शब्दांच्या, पण अडीचच्या अडीच. जिच्यावरून तिने नक्कल उतरवली होती ती जुनी मायक्रोफिल्म काढून बघितली, तिच्यातही होत्या. आठशे वर्षं तिथेच होत्या बिचाऱ्या.

झालं होतं ते अगदी साधं. 'विवाह' हा शब्द एका ओळीत येतो आणि तिसऱ्या ओळीत परत येतो. उतरवणाऱ्याचा डोळा पहिल्या शब्दावरून उठतो, वहीकडे जातो, परत येतो तो चुकून दुसऱ्यावर बसतो. मधलं गेलं. लेखनिकांचा हा जुना आजार. आजेसासूबाई लिहिणाऱ्या त्या इंग्लिश साधूला तो याच जागी झाला होता. शैलजाने सहा पोथ्यांत मिळून अशा दोनशे अकरा डुलक्या पकडल्या होत्या आणि प्रत्येकीची नीट टीप केली होती. दोनशे बारावी तिची स्वतःची निघाली. त्या साधूच्या आणि तिच्यामध्ये आठशे वर्षं आणि एक समुद्र, आणि दोघं घसरली एकाच दगडावर.

प्रत्येक पानाच्या नकलेला एक चिठ्ठी जोडलेली असायची, उतरवलं कुणी आणि ताडून पाहिलं कुणी. तिने चिठ्ठी काढली. मार्च २०११. उतरवणार म्हणून तिची सही, ताडणार म्हणून ऑल्डनची. तिने आठवून पाहिलं, काय होतं बरं त्या दिवशी? कुणी आजारी होतं? वल्लरीची परीक्षा होती? काही नव्हतं. गुरुवार होता. काही कारण सापडलं असतं तर जरा बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तिने कुमारला सांगितलं. तो एका औषध कंपनीत तीस वर्षं डेटाबेस सांभाळून निवृत्त झालेला माणूस. त्याने भेंडी चिरता चिरता शांतपणे ऐकून घेतलं.

"हे पुस्तक जगात किती लोक वाचणार?"

"सतरा."

"त्यातल्या किती जणांना हे कळेल?"

"तसं कुणालाच नाही. पण फोटो छापला तर कुणालाही."

"मग दुसरा फोटो लाव की."

हे तिच्याही मनात आलं होतंच. नुसतं आलं नव्हतं. तिने दुपारी सासूबाईंचं एक पान निवडूनही ठेवलं होतं, पहिल्या अक्षरात शेपटी गुंडाळलेला ड्रॅगन असलेलं, फार देखणं. खालचा मजकूरही लिहून झाला होता.

"मग अडलंय कुठे?" कुमार म्हणाला.

"मला माहीत झालंय ना आता."

"तुला माहीत होऊन त्या मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? त्याचं तर नावही नाही."

"त्याचं एकच वाक्य आहे रे आख्ख्या पुस्तकात. ते आपण काढून घेतलं, आणि ते त्याचं नव्हेच म्हणून छापतोय."

कुमारने भेंडी बाजूला ठेवली. "शैलू, तू दमली आहेस."

"दमले आहेच. म्हणूनच तर वाटतंय की फोटो बदलावा."

तेवढ्यात वल्लरीचा व्हिडिओ कॉल आला. बापाने तिला दोन वाक्यांत सांगितलं. ती सॉफ्टवेअरमधली, तिच्या लेखी जगात दोनच गोष्टी, चालतं ते आणि बग. "आई, इट्स जस्ट अ बग. शिप इट, पॅच इट लेटर."

"पुस्तकाला पॅच नसतो गं."

"ऑफ कोर्स असतो. ते मागे छोटं पेज असतं ना, आजोबांच्या बुक्समध्ये? सॉरी पेज?"

शुद्धिपत्र! शैलजाला एवढं हायसं वाटलं की त्या रात्री तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. एक पान जोडायचं, ओळी आहेत, नकलेत चुकून गळल्या, दोष उतरवणारीचा. प्रस्तावना खोटी पडेल, पण पुस्तक निघेल, ऑल्डनच्या हातात पडेल, आणि कोथरूडचं दूध सुरू होईल. ऑल्डनला मात्र सांगायला हवं होतं.

गुरुवारी कुमारने तिला मॉरिसटाउनजवळच्या ऑल्डनच्या सीनियर होममध्ये सोडलं आणि स्वतः गाडीत बसून राहिला. ऑल्डन एक्याऐंशीचा. खिडकीपाशी बसला होता, कुणी आल्याचं कळल्यावर जरासा तिरपा झाला, म्हणजे त्याला कडेने दिसावं.

"फाइल गेली?"

"उद्या जायची आहे. आधी थोडं वाचून दाखवते."

तिने नव्या फोटोवरून वाचलं. तो ओठ हलवत बरोबर म्हणत होता, मजकूर त्याला जवळजवळ पाठ होता. अडीच ओळी आल्या तसे त्याचे ओठ थांबले.

"ही कुठली प्रत?"

"ऑस्ट्रियाची."

बाहेर कुणीतरी वॉकर घेऊन गेलं.

"चिठ्ठीवर सही कुणाची आहे?"

"उतरवणार मी. चूक माझी आहे, प्रोफेसर."

"ते विचारलं नाही. ताडलं कुणी?"

"तुम्ही."

"महिना?"

"मार्च दोन हजार अकरा."

त्याने मान हलवली. "तो रूथचा शेवटचा महिना. मी एका दुपारी चाळीस चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. एकही पान उघडलं नाही. मला वाटलं, शैलजाने वाचलंय ना, मग झालं." मग म्हणाला, "आणि वर तुला पुराव्याबद्दल व्याख्यान दिलं."

शैलजाने शुद्धिपत्राचं सांगितलं. एक पान. प्रेसवाले घेतील, ती विचारून आली होती. तो ऐकत राहिला. त्याला ते हवं होतं, हे तिला दिसत होतं, भुकेल्याला समोर वाढलेलं पान हवं असतं तसं.

"छान आहे," तो म्हणाला. "आणि उरलेल्या एकोणचाळीस पानांचं काय?"

हा प्रश्न तिने दोन दिवस स्वतःला विचारला नव्हता. बाजूबाजूने जात होती. एक गळलं, ते योगायोगाने दिसलं. आणखी किती असतील?

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मलाही नाही." त्याने कोटाचा खिसा चाचपला. "फोन लावून दे. मला आकडे दिसत नाहीत."

स्वतःचं नाव ज्याच्यावर पहिल्यांदा येणार ते पुस्तक थांबवायचा नंबर तिने स्वतःच्या बोटाने लावून दिला. ऑल्डन दोन मिनिटं बोलला. प्रेसच्या बाई फार गोड बोलल्या म्हणे. पुस्तक यादीतून काढलेलं नाही, फक्त पुढे सरकवलंय, तयार झालं की कळवा. असं गोड अमेरिकेत फक्त वाईट बातमी देताना बोलतात.

गाडीत बसल्यावर कुमारने विचारलं, "काय झालं?"

"कॅन्सल कर तिकिटं."

त्याने इंजिन सुरू केलं. वाटेत म्हणाला, "दूधवाल्याला तू फोन करायचा. मी नाही करणार."

जूनमध्ये तिचा निरोपसमारंभ झाला, केक होता, पेन दिलं. दुसऱ्या दिवसापासून ती जेवणाच्या टेबलावर नणंदबाईंचं पहिलं पान उघडून बसली. सगळ्यांत आधी तिने एक केलं, त्या अडीच ओळी तळटीपेतून उचलून मजकुरात, मोठ्या टायपात नेल्या. मग खरं काम, नुसती ती एकोणचाळीस नव्हे, नणंदबाईंची एकशे चाळीसही पानं पुन्हा ताडायची, कारण आता कुठल्याच सहीवर भरवसा नव्हता. पण ताडायला दोन माणसं लागतात, एकाने नक्कल मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पोथी बघायची. लायब्ररीकडे माणूस नव्हता. उरला कुमार.

"मला लॅटिनचं ल येत नाही," तो म्हणाला.

"अक्षरं येतात ना? आहेत तशी म्हण."

आणि काय सांगायचं, तो नमुना निघाला. 'माट्रिमोनिउम', म्हणजे विवाह, असं सत्यनारायणाच्या पोथीच्या चालीत, प्रत्येक अक्षर वेगळं पाडून वाचायचा. अर्थ काडीचा कळत नसल्यामुळे त्याचा डोळा पुढे पळत नसे, मागे रेंगाळत नसे, एकही अक्षर गळत नसे. पोथ्या नकलणाऱ्यांमध्ये सगळ्यांत भरवशाचा तो बिनडोक, शहाणा नव्हे, हे ऑल्डन तिला वीस वर्षं सांगत होता. तिने हे कुमारला सांगितलं नाही. संसार करायचा असतो.

मंडळात अर्थातच नवी बातमी निघाली. वीणा बेहेरे दुपारी डबा द्यायला म्हणून आल्या आणि दारातच थबकल्या. आतून कुमारचा आवाज येत होता, सुरात, न समजणारा. त्या तशाच परत गेल्या. आता दोघंही बाटली, आणि घरी प्रार्थना चालते, असं समजलं.

दोन महिन्यांत एकतीस पानं झाली. दोन चुका निघाल्या, दोन्ही बारीक, एका शब्दाच्या. चूक निघाली की शैलजा ती चिठ्ठीवर टिपायची, आणि नाही निघाली की तिला वाटायचं, आपण झोपलो होतो की काय? मग ते पान ती परत वाचायला लावायची.  कुमार चष्मा कपाळावर सरकवून डोळे चोळायचा आणि पहिल्या ओळीखाली पट्टी लावायचा.

रविवारी चार वाजता ऑल्डनचा फोन यायचा. नर्स लावून द्यायची.

"किती झाली?"

"एकतीस."

"म्हणजे राहिली..."

"एकशे नऊ."

पलीकडे तो हिशेब करत असावा. पानांचा, महिन्यांचा, आणखी कशाचा. शैलजाला दिलासा द्यावासा वाटला, पण लवकर होईल म्हणण्यासारखं काही नव्हतं, आणि खोटं बोलायचं तर फोटो बदलण्याच्या वेळीच बोलली असती.

"मी ब्रोकोली खातोय, शैलजा," ऑल्डन म्हणाला. "मला मुळीच आवडत नाही. पण टिकायला हवं, म्हणून रोज खातोय."

"खा," ती म्हणाली. "आम्ही इकडे वाचतोय."

फोन ठेवून ती टेबलाशी आली. कुमारने बत्तिसावं पान काढून ठेवलं होतं.